हौसिंगमधून ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी हे बघा

पोळ्याच्या आदल्या दिवशी घरात बैलांच्या खांदेमळणीची गडबड चालली होती आणि मी अंगणात जीपखाली उताणा पडलो होतो. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूनं टायरवर काळपट तेलकट पट्टा उतरला होता. त्या पावसाळ्यातली ही तिसरी खेप. जूनमध्ये तालुक्याच्या एका गॅरेजात तेल अडवणारं रबरी सील बदललं, पंधरा दिवसांत परत ओल. जुलैत पुन्हा बदललं, पुन्हा तेच. शेवटी गाडी मिस्त्री चाचांकडे नेली. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. मागच्या हौसिंगच्या, म्हणजे आखाभोवतीच्या लोखंडी कवचाच्या डोक्यावर, जिथं आपली नजर कधी जात नाही, तिथं बोटं फिरवली आणि सुपारीएवढा वाळलेला काळ्या मातीचा खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, गाडीचं नाक बंद झालंय. श्वास घेता येईना, मग जिथून जागा मिळंल तिथून ती तेल फेकणारच."

तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येक जीपवाल्याला हेच सांगतो: तेल कुठून येतंय हे शोधायला एक दिवस द्या आणि का येतंय हे शोधायला आणखी एक. मूळ कारण तसंच राहिलं तर नवं सीलही जुन्याच्याच वाटेनं जातं. आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर, फरशी पुलांवर आणि चिकट काळ्या रानात फिरणाऱ्या फोर-बाय-फोर गाड्यांना हा त्रास हमखास होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत काय चालतं

बैलगाडीचा आख जागचा हलत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं आणि अधूनमधून वंगण घातलं की काम भागतं. जीपमध्ये आखच फिरतो, तोही लोखंडी पोकळीत, तेलात. या पोकळीला आपण हौसिंग म्हणतो. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेनं फिरत असतो, पण चाकं फिरायला हवीत त्याला काटकोनात. हे वळण मधल्या गोळ्यात होतं: पिनियन नावाचं छोटं दातेरी चाक क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं आणि क्राऊन दोन्ही बाजूंच्या एक्सल शाफ्टना.

पिनियन साधारण चार-पाच वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरतं. ताशी ६० किमी वेगानं जाणाऱ्या जीपचं चाक मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे पिनियन जवळपास २,००० फेरे घेतो. क्राऊन खालून तेलात बुडतो आणि ते वर उधळतो, त्यातच सगळे दात आणि बेअरिंग न्हाऊन निघतात. बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या जरा खाली बसवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते दाबले जात नाहीत, घासतही जातात. एवढ्या दाबाखाली साधं इंजिन ऑइल टिकत नाही. म्हणून इथं 'नव्वद नंबर' हे दाट गिअर ऑइल लागतं, त्यात गंधकाची आणि फॉस्फरसची संयुगं मिसळलेली असतात.

आता तेल बाहेर कुठून येऊ शकतं? फिरणारा भाग हौसिंगच्या बाहेर पडतो अशा जागा तीनच: पुढे पिनियनपाशी आणि दोन्ही टोकांना चाकांपाशी. तिथं ऑइल सील असतं. सील म्हणजे लोखंडी कड्यात बसवलेला रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ शाफ्टला चिकटून राहावा म्हणून त्याच्या पाठीमागे केसाएवढ्या तारेची गोल स्प्रिंग. बाकीच्या जागा स्थिर आहेत: गोळ्याच्या तोंडाचं किंवा मागच्या झाकणाचं गॅस्केट, तेल भरायचा आणि काढायचा बोल्ट, हवा ये-जा करायचा ब्रीदर, आणि क्वचित हौसिंगचं वेल्डिंग.

आधी ओळखा, गळतंय ते काय आहे

रात्री गाडी सपाट जागी लावा आणि खाली पुठ्ठा पसरा. सकाळी डाग बोटावर घ्या, चोळा, वास घ्या. नव्वद नंबर दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो. द्राक्षबागेत भुरीसाठी गंधक मारलेलं ज्यानं हुंगलंय, त्याला हा वास सांगावा लागत नाही. इंजिन ऑइल त्या मानानं पातळ आणि डिझेल गाडीत काळंकुट्ट. चाकापाशी पातळ, फिकट, बोटावर सुळसुळीत आणि पाण्यानं धुऊन जाणारं काही सापडलं तर ते ब्रेक ऑइल आहे, ते रंगसुद्धा उडवतं. तसं असेल तर हौसिंगचा विचार बाजूला ठेवा, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा आणि दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका. कडक उन्हाळ्यात हबमधलं ग्रीस पातळ होऊनही बाहेर येतं. परभणीच्या मे महिन्यात, पारा ४३-४४ वर असताना हे मी पाहिलंय. ग्रीस बहुधा पिवळट असतं आणि त्याला तो उग्र वास नसतो.

गळतीची तीव्रता सांगायला आपल्या भाषेत आयतेच शब्द आहेत. नुसती ओल धरलीय आणि त्यावर धूळ बसलीय, तर तो पाझर. रात्रभरात पुठ्ठ्यावर दोन-चार थेंब पडले, तर ती ठिबक. त्यापुढे धार. पिनियनपाशी किंवा झाकणापाशी पाझर असेल तर तेलाची पातळी तपासत गाडी काही दिवस चालवता येते. ठिबक लागली की आठवड्यात काम काढावं. चाकापाशी मात्र पाझरसुद्धा चालवून घेऊ नका, कारण तिथं तेलाच्या पुढची जागा ब्रेकची आहे.

तेल कुठं दिसतं त्यावरून ते कुठून निघतं हे कळत नाही. चालत्या गाडीत वारा ते मागे ढकलतो आणि धूळ त्याला पसरवते. कितीतरी वेळा गिअरबॉक्सची किंवा ट्रान्सफर केसची (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीची) गळती मागच्या हौसिंगच्या नावावर खपते. यावर उपाय स्वस्त आहे. हौसिंग डिझेलनं आणि ब्रशनं धुऊन काढा, कोरड्या फडक्यानं पुसा, ब्रेकच्या भागावर डिझेल उडू देऊ नका. पूर्ण वाळलं की पोरांच्या अंगाला लावायची टाल्कम पावडर हलक्या हातानं सगळीकडे भुरभुरा. मग १५-२० किमी डांबरी रस्त्यानं फिरून या आणि बॅटरी घेऊन खाली शिरा. पांढऱ्यावर तपकिरी रेघ उठलेली असते. तिचा सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा शेंडा, तीच तुमची जागा. माझ्या गाडीत ती रेघ चाकाकडे तर गेली होतीच, पण दुसरी एक बारीक रेघ पिनियनखालीही होती. एकाच वेळी दोन सील सुटली तर दोघांमागे एकच कारण असावं, असा संशय घ्यायला हवा होता. मी घेतला नव्हता.

ब्रीदर, म्हणजे गाडीचं नाक

हौसिंगवर करंगळीएवढी एक टोपी किंवा नळीचं तोंड असतं. काम एवढंच: आतली हवा तापून फुगली की बाहेर सोडायची, थंड झाली की आत घ्यायची.

हे बंद पडलं तर काय होतं याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाएवढाच आहे. सकाळी ३० अंशांवर असलेली आतली हवा घाट चढताना ९० अंशांवर गेली आणि तिला बाहेर पडायला जागा नसली, तर दाब जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सुमारे ३ पीएसआय. टायरच्या मानानं हे काहीच वाटत नाही. पण सीलचा तो नाजूक ओठ तेल अडवण्यासाठी बनवलेला असतो, दाब पेलण्यासाठी नव्हे. ओठावर ताण येतो, तेल बाहेर सुटतं, आणि नवं सील घातलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच्यावर तोच दाब.

याहून वाईट प्रकार उलट्या बाजूनं होतो. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलंय, फरशी पुलावरून गुडघाभर पाणी वाहतंय आणि आपण तापलेली गाडी तशीच घातली. (वाहत्या पाण्यात गाडी घालूच नये, पण रानात कधी अंदाज चुकतो, कधी नाइलाज असतो.) गरम हौसिंग एकदम गार होतं, आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या कडेनं पाणी आत ओढते. उघडा ब्रीदरच पाण्याखाली गेला, तर मग ती पाणी तिथूनच पिते. मग तेल दुधाळ होतं, दुधाच्या कॉफीसारखं. त्या तेलात बेअरिंगला गंज चढायला वेळ लागत नाही.

आपली माती यात भर घालते. काळी माती ओली असताना चिखल होऊन चिकटते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. पांदणीतून एकदा फिरलं तरी ब्रीदरच्या टोपीवर थर बसतो, आणि पुढच्या उन्हात तो पक्का होतो.

तपासायला सोपं आहे. गाडी चालवून आल्यावर तेल भरायचा वरचा बोल्ट अगदी सावकाश सैल करा, आपलं तोंड बाजूला ठेवा, हातात जाड फडकं घ्या. 'फुस्स' करून हवा सुटली की समजा, ब्रीदर बंद आहे. तो काढा, डिझेलमध्ये बुडवून धुवा, फुंकून बघा, टोपी हलत नसेल तर नवा घाला. पण रानात जाणाऱ्या गाडीला माझा सल्ला याहून पुढचा आहे: ब्रीदरच्या जागी नळीचा निप्पल बसवून तेलानं न कुजणारी रबरी नळी वर चासीच्या उंचीवर न्या, जमलं तर बॉनेटखालपर्यंत. टोकाला छोटं फिल्टर लावा. हौसिंग स्प्रिंगांवर वरखाली होतं, तेव्हा नळीला पुरेशी ढील ठेवा, पण मध्ये झोळ पडू देऊ नका, नाहीतर झोळात पाणी साचून नळी बंद होईल.

याच जोडीला तेलाची पातळी बघून घ्या. 'जरा जास्त टाका' म्हणून भरलेलं तेलही सीलमधून बाहेर येतं.

चाकापाशी गळती

माझा सगळ्यात जास्त जीव इथं गुंततो, कारण इथं चूक झाली तर ब्रेक जातो. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं, ब्रेकचे लायनर ते पितात आणि ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते किंवा थांबतच नाही. लायनर एकदा तेल प्यायले की पेट्रोलनं धुऊन, भट्टीत भाजून खात्रीचे होत नाहीत. ते टाकूनच द्यायचे, आणि दोन्ही चाकांचे एकदम.

गाडी उचलण्याआधी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गाडी जॅकनं उचला, पण वजन घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, कितीही छोटं काम असो. मग चाक वर आणि खाली धरून हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे. बेअरिंग झिजलं की शाफ्ट मध्यावर फिरत नाही, डगमगतो, आणि सीलचा ओठ एका बाजूला दबून दुसऱ्या बाजूला मोकळा पडतो. अशा गाडीत नुसतं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. आपल्याकडे हे बेअरिंग का झिजतं हे सांगायला नको: कापसाची बोंदरी, खताच्या गोण्या, आणि बाजाराच्या दिवशी मागे दाटीवाटीनं बसलेली माणसं. फार ओझ्यानं हौसिंगच वाकलं असेल तर बेअरिंगही टिकत नाही. एकच बाजू वारंवार गळत असेल तर हे तपासून घ्या.

शाफ्ट काढायची पद्धत गाडीगणिक वेगळी. काही जुन्या ठेवणीच्या जीपांत हब टेपर शाफ्टवर इतका घट्ट बसतो की दणकट पुलरशिवाय सुटत नाही, आणि त्याला हातोडीनं मारून शाफ्टचे आटे खराब करणारे मी पाहिलेत. काही गाड्यांत बेअरिंग आणि त्याला धरून ठेवणारी कॉलर शाफ्टवर प्रेसनं बसवलेली असते, ते काम प्रेस असलेल्याच दुकानात द्या.

जुनं सील काढलं की फेकू नका. त्यावर ४० × ६२ × १० असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. ते दुकानात दाखवा. मग सील जिथं घासतं ती शाफ्टची जागा स्वच्छ करून तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं, तर तिथं ओठानं चर पाडलाय आणि नवा ओठ त्याच चरात बसून गळणार. चर पुसट असेल तर बारीक पॉलिश पेपरनं, शाफ्टच्या गोलाईनंच घासून भागतं. खोल असेल तर वरून पातळ स्टीलची बाही चढवतात किंवा भागच बदलावा लागतो. सील थोडं आत-बाहेर बसवून ओठ नव्या जागी घासेल असं करणारे मिस्त्रीही आहेत. जागा असेल तर ही युक्ती चालते.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे. उलटं बसवलेलं सील मी स्वतः पाहिलंय, म्हणून हे लिहितोय. ओठावर तेलाचं बोट फिरवा, स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरा, म्हणजे ठोकताना ती उडत नाही. सीलच्याच मापाचा जुना बेअरिंग कप किंवा सपाट लाकडी ठोकळा ठेवून चारी बाजूंनी सारखं, हळूहळू आत न्या. एका कडेला मारलेली हातोडी सील तिरकं करते. शाफ्ट परत घालताना त्याचे दात ओठावर घासत नेऊ नका. दुसऱ्या माणसानं शाफ्ट उचलून धरावा, नाहीतर दहा मिनिटांपूर्वी बसवलेलं नवं सील तिथंच फाटतं.

पिनियनचं सील

हे सील दिसायला सोपं: प्रोपेलर शाफ्ट सोडा, फ्लँजचा (शाफ्ट जोडायच्या तबकडीचा) मोठा नट काढा, फ्लँज ओढा, सील बदला. अडचण त्या नटात आहे. पुष्कळ गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते आणि नट किती आवळला त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. जास्त आवळला तर नळी कायमची चेपते आणि बेअरिंग जळतं. कमी आवळला तर पिनियन खेळतो आणि क्राऊन ओरडायला लागतो. काही गाड्यांत नळीऐवजी शिम, म्हणजे पातळ चकत्या असतात, तिथं नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कनं आवळायचा.

काढण्याआधी नट, शाफ्टचं टोक आणि फ्लँज यांच्यावर पोगरानं एकाच रेषेत खूण करा आणि बाहेर दिसणारे आटे मोजा. परत बसवताना नट त्याच खुणेवर, किंवा अगदी किंचित पुढे. हे काम पहिल्यांदा करत असाल तर अनुभवी माणूस शेजारी हवा. फ्लँज हातानं वरखाली हलत असेल तर सीलच्या नादी लागू नका, आतलं बेअरिंग गेलंय.

बाकीच्या जागा

झाकणाचं गॅस्केट असेल तर दोन्ही पृष्ठभाग खरडून कोरडे करा, सिलिकॉनची एक बारीक अखंड ओळ द्या. ढीग घातला की जास्तीचं आतल्या बाजूला दबतं, तुटून तेलात फिरतं. बोल्टचा वॉशर बदलला की बऱ्याच गळत्या तिथंच संपतात. हौसिंगला तडा असेल तर वरून लावलेली पुटी घरी पोचवण्यापुरती. पुढे तेल काढून, स्वच्छ करून, जाणत्या वेल्डरकडून नीट काम करून घ्यावं.

पुढच्या एक्सलची एक गोष्ट वेगळी. जिप्सीसारख्या गाड्यांत स्टिअरिंगच्या वळणापाशी बंद गोलक असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं. तिथून पातळ काळपट रबडी यायला लागली तर आतलं एक्सलचं सील गेलंय आणि नव्वद नंबर ग्रीसमध्ये मिसळतंय. बाहेरचं रबर कितीही बदललं तरी ते थांबणार नाही.

तेल भरताना

काढायचा बोल्ट खोलण्याआधी भरायचा बोल्ट खोलून बघा. तो गंजून अडकला असेल तर रिकामं हौसिंग घेऊन बसावं लागतं, भरायला वाटच नाही. तेल कोमट असताना काढा. बोल्टच्या चुंबकावर काळी मऊ चिकट पूड असली तर नेहमीची झीज आहे, पण लोखंडाचे कपचे किंवा दाताचा तुकडा दिसला तर गोळा उघडावाच लागेल. तेल दुधाळ निघालं तर नवं भरून थोडी गाडी चालवून ते पुन्हा बदला.

नंबर आणि प्रकार गाडीच्या पुस्तकात बघा. हौसिंगसाठी बहुतेक जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल लागतं. तेच उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नका, तिथं जीएल-४ सांगितलं असेल तर जीएल-५ मुळे पितळी रिंगांना अपाय होऊ शकतो. गाडी सपाट जमिनीवर, तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. बोट आत घालून वाकवलं की टोकाला तेल लागायला हवं. दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा, कारण तेल दोन्ही नळ्यांत पसरायला वेळ घेतं.

काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्या. बांधावर किंवा ओढ्यात नको, आपल्याच विहिरीत ते झिरपतं.

त्या पोळ्याला चाचांनी दोन्ही सीलं बदलली, मागचे लायनर दोन्हीकडचे नवे घातले आणि ब्रीदरला हातभर नळी जोडून ती वर चासीला बांधली. अंगणात आल्यावर मी पुन्हा पावडर भुरभुरली, नदीकाठच्या वाडीपर्यंत जाऊन आलो. पावडर कोरडी होती. सीलं अजून तीच आहेत. दर पावसाळ्याच्या तोंडाशी नळीचं टोक काढतो, फुंकतो, परत लावतो.